नाण्यावर बोलू नये

खिडकीवरच्या कारकुनाची अक्कलदाढ काढली नसती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

त्या सोमवारी कारकून आलाच नाही. जबडा सुजलाय असा निरोप आला, तोही त्याच्या बायकोकडून, कारण त्याला स्वतःला बोलता येत नव्हतं. मग चौकशीच्या खिडकीवर बसवायचं कुणाला? साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ज्या एका व्यक्तीला माणसांशी बोलायची अजिबात सवय नव्हती, नेमकं तिलाच तिथे नेऊन बसवलं.

तिला सगळे मौनी म्हणायचे.

नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या त्या कार्यालयात ती पारखी होती. काळ्या भिंतींची खोली, एक पिवळा दिवा, एक भिंग आणि तोंडावर मास्क, एवढाच तिचा संसार. नाणं कडेने धरायचं, दिव्याखाली फिरवायचं, सत्तरपैकी आकडा द्यायचा. मग ते नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद. पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात, बाकीचे नंतर शिकवले तरी चालतात — उघड्या नाण्यावर बोलायचं नाही. बोलताना तोंडातून बारीक तुषार उडतात. ते आपल्याला दिसत नाहीत, चांदीला दिसतात. आणि चांदी लगेच काही म्हणत नाही. सहा महिने गप्प बसते, वर्षभर गप्प बसते… आणि मग एके दिवशी बंद डबीच्या आत, कुणी हातही न लावता, डाग वर येतो.

मौनीने हा नियम जरा जास्तच मनावर घेतला होता. ती घरीसुद्धा फारशी बोलायची नाही. अर्थात त्यात आईचाही हात होता. घरातला बोलण्याचा सगळा साठा आई एकटीच सकाळी दहाच्या आत संपवून टाकायची. "अगं, उद्या लग्नाचं विचारलं कुणी, तर 'हो' तरी म्हणशील ना?" आई विचारायची. मौनी मान हलवायची. हो की नाही, ते त्यावरूनही कळायचं नाही.

तर सोमवार. बाहेर धुकं इतकं की समोर रस्ता आहे हे केवळ आठवणीच्या भरवशावर मानायचं. त्या धुक्यातून आधी एक हात आला, हातात डबी होती. मग माणूस आला.

"हे आजारी आहे," त्याने डबी खिडकीतून आत सरकवत सांगितलं.

डबीत चांदीचं नाणं होतं. त्यावर एका बाईचा चेहरा, एका बाजूने दिसणारा, केस मागे बांधलेले. लेबलवर आकडा — सत्तर. सत्तरपैकी सत्तर, म्हणजे पाचपट भिंगाखालीही निर्दोष. त्याखाली पारख्याचा क्रमांक होता, सात.

सात म्हणजे मौनीच.

आणि त्या निर्दोष नाण्यावर, बाईच्या गालापासून मानेपर्यंत, पाच डाग होते.

"मागच्या वर्षी तुम्हीच सत्तर दिलेत," तो म्हणाला. "तुम्ही म्हणजे तुमचं कार्यालय. आईने दिलंय मला, दवाखाना उघडला त्या दिवशी. ती रोज विचारते, 'नाणं कसं आहे?' माझी तब्येत विचारत नाही, नाण्याची विचारते. आता तिला काय सांगू, अंगावर उठलंय म्हणून?"

मौनी डागांकडे बघत राहिली.

"मी दातांचा डॉक्टर आहे," त्याने आपणहून माहिती पुरवली. "तुमच्या कारकुनाची दाढ मीच काढली. त्यामुळे आज तुम्ही इथे बसलात त्याला एका अर्थी मीच जबाबदार. सॉरी." मग थोडं पुढे वाकून, हळूच — "एक विचारू? डबी फोडून मी घरीच पॉलिश केलं तर? दातांचं पॉलिश असतं माझ्याकडे. पुदिन्याच्या चवीचं."

"नाही!"

खिडकीची काच थरथरली. आत दोन पारख्यांनी माना वर केल्या. त्या कार्यालयात मौनीचा आवाज लोकांनी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो पुदिन्याच्या विरोधात होता.

"घासायचं नाही," ती म्हणाली. घसा साफ करून पुन्हा, "पुसायचं नाही, धुवायचं नाही, घासायचं नाही. डाग असलेल्या नाण्याला कमी का होईना, आकडा मिळतो. घासलेल्या नाण्याला आकडाच नसतो."

"म्हणजे डाग चालतो, पण डाग लपवलेला चालत नाही."

"हो."

"आमच्या पेशंटना सांगायला हवं हे," तो म्हणाला आणि हसला. मौनीने त्याचे दात पाहिले. वरच्या ओळीत डावीकडचा एक किंचित वाकडा होता. दातांच्या डॉक्टरचा दात वाकडा! तिला का कोण जाणे, बरं वाटलं.

त्याला तिचं काहीच दिसलं नाही. मास्क काढायचं तिला सुचलंच नव्हतं. दिसले ते फक्त डोळे.

*

कार्यालयाचे मुख्य पारखी म्हणजे मौनीचे सख्खे काका. कामावर मात्र "काका म्हणायचं नाही, साहेब म्हणायचं" असा त्यांचा दंडक होता, आणि तो दंडक ते "हे बघ बेटा" अशी सुरुवात करून सांगायचे. चाळीस वर्षं नाण्यांना आकडे देऊन देऊन त्यांना सगळ्यालाच आकडा द्यायची सवय लागली होती. चहाला आकडा, पावसाला आकडा, पाहुण्यांना तर तोंडावर आकडा.

"मुलगा कसा होता?" त्यांनी भिंग पुसत विचारलं.

"साहेब, नाणं बघा ना."

"मी खिडकीतून बघितला. अठ्ठावन्न. चकाकी आहे, पण थोडा हाताळलेला. वाईट नाही हं, मी स्वतः बेचाळीस आहे." मग ते नाण्यावर वाकले आणि त्यांचा आवाज बदलला. "हे बघ बेटा. डाग दोन जातींचे. दुधाळ डाग — टांकसाळीत चांदीची चकती धुतली, नीट खळबळली नाही, तशीच भट्टीत गेली, की तो साबण चांदीत मुरतो आणि सावकाश दुधासारखा वर येतो. ते टांकसाळीचं पाप. दुसरा थुंकीचा. ते…"

"माझं."

"क्रमांक सातचं," काका म्हणाले. तेवढीच पुतणीची काळजी. "थुंकीचा ठरला, तर क्रमांक सातचा दिवा जाणार. नियम माझा नाही, पण मोडणारही मी नाही. तीन महिने बघू. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याला नाणं घेऊन बोलव. डागांचा नकाशा काढ."

मौनीने वळून आपल्या दिव्याकडे बघितलं. तो दिवा हेच तिचं जग होतं. पिवळ्या उजेडात नाणं फिरवलं की चांदीवरून प्रकाशाची चाकं फिरायची, आणि तेवढा वेळ तिला कुणाशी काहीच बोलावं लागायचं नाही. आणि ती बोललीच नव्हती! आयुष्यात कुठल्याच नाण्यावर बोलली नव्हती. हे सिद्ध मात्र कसं करायचं? न बोलल्याचा पुरावा नसतो.

*

दुसऱ्या पहिल्या सोमवारी कारकुनाचा जबडा ठीक होता. तरी मौनी खिडकीवरच होती. "नकाशा काढायचाय," तिने कारकुनाला सांगितलं. एवढ्या मोठ्या वाक्याने दबून तो निमूट उठला.

"नऊ झालेत," दंतवैद्य आल्या आल्या म्हणाला. "आणि मला एक विचित्र गोष्ट सांगायचीय. हसणार नाही ना?"

"मास्क आहे. कळणार नाही तुम्हाला."

"डोळ्यांवरून कळतं. माझाही धंदा तोच आहे, मॅडम, लोक माझेही फक्त डोळेच बघतात." तो थांबला. हसू मावळलं. "हे नाणं मी दवाखान्यात खुर्चीशेजारच्या खणात ठेवतो. मागच्या बुधवारी एका निवृत्त पोस्टमास्तरांना भूल दिली. तोंड पार बधिर. आणि ते मधेच स्पष्ट म्हणाले — 'हलू नकोस… एक राहिलाय.' मला वाटलं, दाताबद्दल म्हणतायत. म्हटलं, आजोबा, एक नाही, चार राहिलेत."

"मग?"

"गुरुवारी एक शाळकरी मुलगी. भूल दिली. 'हलू नकोस… एक राहिलाय.' शनिवारी एक पैलवान. गडी एवढा मोठा, आणि आवाज अगदी… बाईचा. हळू. लाडात आल्यासारखा. 'हलू नकोस… एक राहिलाय.' मी हललोच नाही. माझी मदतनीस मात्र हलली, ती अजून परत आलेली नाही."

पातळ कागद डबीवर ठेवून मौनी एकेक डाग टिपत होती. पेन्सिल तशीच थांबली.

"नाणं खणातून काढून ठेवा," ती म्हणाली.

"काढलं. आता शर्टाच्या खिशात ठेवतो. इथे." त्याने छातीवर हात ठेवला. "गार लागतं. दिवसभर खिशात असून गरम होत नाही. आणि कधी कधी… सोडा."

"सांगा."

"धडधडतं. माझंच असेल म्हणा." तो घाईघाईने म्हणाला. "माझंच. इथे आलो की जास्त होतं."

मौनीने खाली बघितलं. मास्कच्या आत ती हसली, आणि त्याला ते कळलं, कारण तो लगेच म्हणाला, "बघा, डोळ्यांवरून कळतं."

तेवढ्यात तिचं लक्ष कागदाकडे गेलं. डाग गोल नव्हते. प्रत्येक डाग किंचित लांबट होता, जोरात पडलेला थेंब असतो तसा. ते कुठून पडले हे बघायला तिने पट्टी ठेवून प्रत्येकातून मागे रेघ ओढली. सगळ्या रेघा एका जागी येऊन मिळाल्या, नाण्यापासून वीतभर वर, जरा डावीकडे.

तिथे एक तोंड होतं. डावीकडे किंचित कललेलं.

मौनी नाणं बघताना मान डावीकडेच कलवायची.

*

तिसऱ्या पहिल्या सोमवारी डाग सतरा झाले होते.

या वेळी त्याने फक्त डबी सरकवली आणि उभा राहिला. बाहेर पुन्हा धुकं होतं. डबीतल्या बाईचे ओठ मौनीला आठवत होते ते मिटलेले. आज तिला वाटलं, ते किंचित विलग झालेत. ती काही म्हणायच्या बेतात आहे… किंवा नुकतीच म्हणून झाली आहे.

काका स्वतः खिडकीवर आले. नकाशावर वाकले. रेघा बघितल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे फारच घाबरवणारं होतं, कारण काका बाळाच्या बारशालाही आकडा देऊन मोकळे झाले होते.

"थुंकीचेच," शेवटी ते म्हणाले. "पण दोन तोंडं आहेत."

"दोन?"

"हे अकरा डाग इकडून. हे सहा समोरून. दोन माणसं समोरासमोर बसून नाण्यावर वाकून बोलत होती. आधी लांबून. मग जवळून. मग आणखी जवळून. हा सतरावा बघ, बाईच्या ओठावरचा, हा तर चार बोटांच्या अंतरावरूनही नाही. आणि त्यानंतर बोलणं एकदम थांबलंय."

"का थांबलं?" दंतवैद्याने विचारलं.

"तोंडं दुसऱ्या कामात असतील," काका म्हणाले. त्यांचा चेहरा न छापलेल्या चकतीसारखा कोरा होता. "खात असतील. मला काय माहीत."

मग त्यांनी मागच्या वर्षीचं कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. नाणं डबीत बंद झालं, त्या दिवसाचं. तिघे पडद्यासमोर उभे राहिले. काळी खोली. पिवळा दिवा. मौनी, मास्क लावलेली, मान डावीकडे कललेली. एक शब्द नाही. नाणं फिरवलं, आकडा लिहिला, नाणं खाली ठेवलं. सगळं स्वच्छ.

"बघा!" मौनी म्हणाली. "मी बोलले नाही!"

"खुर्ची," काका म्हणाले.

टेबलाच्या पलीकडे, मौनीच्या समोर, एक खुर्ची होती. रिकामी. तिच्या पाठीवर चिकटपट्टीचा निळा तुकडा. खुर्ची थोडी तिरकी होती, बसलेला माणूस पुढे वाकला की होते तशी.

पारख्यांच्या खोलीत समोर खुर्ची नसते. कधीच नव्हती.

मग दंतवैद्याने अगदी हळू विचारलं, "मौनी… घाबरलीस?"

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही ते लक्षात आलं नसल्याचं दाखवलं.

"नाही," ती म्हणाली. "तू?"

"मी पैलवानाचा लाडिक आवाज ऐकलेला माणूस आहे. माझी भीती तिथेच संपली."

काकांनी भिंग खिशात ठेवलं. "पुढच्या सोमवारी डबी फोडू. उघड्या नाण्यावर जे दिसेल, ते अंतिम. नियमाप्रमाणे मालक हजर हवा. डाग थुंकीचे निघाले तर क्रमांक सातचा दिवा गेला. मग दुसरं तोंड कुणाचंही असो, भुताचं असो. भुतावर कारवाई करता येत नाही, ते आपल्या नोकरीत नाही."

*

त्या सोमवारी मौनी नेहमीपेक्षा लवकर आली. दिव्याखाली हात धरून बसली. बोटांवर पिवळा उजेड पडला होता. उद्या इथे दुसरं कुणीतरी बसेल, हा विचार करून बघितला. दुखला.

दंतवैद्य आला. काकांनी त्याला मास्क दिला. तो त्याने सराईतपणे लावला, आणि पहिल्यांदाच असं झालं की दोघांचेही फक्त डोळेच उरले. काळ्या खोलीत चार डोळे, एक दिवा.

"उभा किती वेळ राहणार हा?" काका म्हणाले आणि कारकुनाला हाक मारली. "खिडकीवरची खुर्ची आण रे."

कारकुनाने खुर्ची आणली. टेबलाच्या पलीकडे ठेवली. तिच्या पाठीवर चिकटपट्टीचा निळा तुकडा होता.

"ही… ही पट्टी कधी लावलीस?" मौनीने विचारलं.

"परवा," कारकून म्हणाला. "शर्ट अडकून फाटत होता." आणि गेला.

कुणी कुणाकडे बघितलं नाही. दंतवैद्य त्या खुर्चीवर बसला, अगदी सावकाश, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखा.

काकांनी स्वतःही मास्क चढवला आणि डबी फोडली. टक् असा आवाज झाला. नाणं त्यांनी मखमलीवर ठेवलं, दिवा ओढला, भिंग लावलं.

बराच वेळ गेला.

"बेटा," ते म्हणाले, "तू बघ."

मौनीने बघितलं. बाईचा गाल. मान. केस. ओठ… मिटलेले. चांदीवरून प्रकाशाचं चाक सुरळीत फिरलं, कुठेही अडखळलं नाही.

एकही डाग नव्हता.

तिने डबीची फोडलेली झाकणं बघितली. तीही स्वच्छ. नकाशाच्या कागदावर सतरा खुणा होत्या, आणि नाण्यावर काहीच नव्हतं.

"सत्तर," काका म्हणाले. आवाज सपाट, पण भिंग त्यांनी दोनदा पुसलं. "क्रमांक सातचा आकडा बरोबर होता. दिवा राहिला. मी नवी डबी घेऊन येतो. कपाट खालच्या मजल्यावर आहे. जिन्याला पंचवीस पायऱ्या आहेत. माझे गुडघे अठ्ठावीसचे आहेत." दाराशी ते थांबले. "तोवर नाण्यावर बोलू नका."

दार बंद झालं.

दोघं नाण्याच्या दोन बाजूंना बसून राहिली. सगळं छान झालं होतं. दिवा वाचला, नाणं वाचलं, त्याच्या आईला सांगायला चांगली बातमी मिळाली. पाच मिनिटांत काका येतील, डबी बंद होईल, तो नाणं खिशात घालेल, 'थँक यू मॅडम' म्हणेल आणि धुक्यात जाईल. पुन्हा पहिला सोमवार येईल, कारण तो येतोच. पण खिडकीतून हात येणार नाही. निर्दोष नाणं कुणी परत घेऊन येत नाही.

मौनीने दिव्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तिला नकाशा पाठ होता. दोन तोंडं, समोरासमोर. आधी लांबून, मग जवळून. तिला सगळं माहीत होतं, काय होणार ते, आणि त्याची किंमत काय ते.

तिने मास्क काढला.

त्याने तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. त्याचे डोळे एवढे मोठे झाले की तिला जरा रागच आला. एवढं काय वेगळं होतं मास्कखाली? नाक, तोंड. सगळ्यांनाच असतं.

"हे स्वच्छ आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण येत होता. "म्हणजे तू आता परत येणार नाहीस. आणि ते… ते मला चालणार नाही."

बाईच्या गालावर, बरोबर पहिल्या खुणेच्या जागी, एक डाग उमटला. वर्षभराने यायचा तो, आत्ता, डोळ्यांदेखत. मग दुसरा. मग तिसरा.

"मौनी, बोलू नकोस! दिवा जाईल तुझा!"

"जाऊ दे," ती म्हणाली. चौथा. "मी आयुष्यभर नाण्यांसाठी गप्प बसले. एकाही नाण्याने 'बरी आहेस का' म्हणून विचारलं नाही." सहावा, सातवा. "तू पुदिन्याचं पॉलिश लावायला निघाला होतास, तेव्हाच मला… तू मला आवडतोस. आकडा नाही देता येत. सवय असूनसुद्धा नाही देता येत."

अकरा.

त्याने हळूच मास्क खाली ओढला. वाकडा दात दिसला.

"मी आलो असतो," तो म्हणाला, आणि समोरून, बाईच्या केसांवर, बारावा डाग पडला. "डाग नसते तरी आलो असतो. दुसरं नाणं आणलं असतं. नाणं नसतं मिळालं, तर बटण आणलं असतं. म्हटलं असतं, याला सत्तरपैकी किती? तू ओरडली असतीस. मला तुझं ओरडणं ऐकायचं होतं. मला तू आवडतेस… पहिल्या 'नाही'पासून."

तेरा, चौदा, पंधरा. दोघंही नकळत पुढे वाकली होती. दिव्याची ऊब गालांना लागत होती आणि नाण्याचा गारवा हनुवटीला. त्याची खुर्ची थोडी तिरकी झाली. सोळा. तो तिच्याकडे बघायला मान उचलणार, तोच मौनीची नजर नकाशाकडे गेली, आणि ती अगदी हळू, लाडात आल्यासारखी म्हणाली —

"हलू नकोस… एक राहिलाय."

दोघंही गोठली. पोस्टमास्तर, शाळकरी मुलगी, पैलवान. खोलीच्या काळ्या भिंती एक पाऊल जवळ आल्यासारख्या वाटल्या. आणि मग त्याला हसू फुटलं. आवरलंच नाही. त्या हसण्याचा एक कण उडाला आणि बाईच्या ओठावर जाऊन बसला.

सतरा.

त्यानंतर नाण्यावर एकही डाग पडला नाही. बोलणं थांबलं होतं. तोंडं दुसऱ्या कामात होती. खात मात्र नव्हती.

दार उघडलं तेव्हा काका हातात डबी घेऊन उभे होते. त्यांनी दोन मास्क टेबलावर पडलेले बघितले, लाल झालेले दोन चेहरे बघितले, आणि सवयीप्रमाणे आधी नाणं बघितलं.

"चौसष्ट," ते म्हणाले. "डाग थुंकीचे. ताजे. माणसं दोन." मग पुतणीकडे वळले. "दिवा गेला, बेटा."

"हो, साहेब."

"काका म्हण," ते म्हणाले आणि दिवा विझवला.

*

मौनीला खिडकीवर बसवलं. कारकुनाला आतल्या खात्यात घेतलं. तिथे गप्प बसायचं असतं, आणि जबड्यामुळे त्याला त्याचा चांगला सराव झाला होता. मौनी आता दिवसभर बोलते. पहिल्या आठवड्यात घसा बसला. कधी कधी काळ्या खोलीचं दार उघडं राहतं आणि पिवळ्या उजेडाची एक चीर बाहेर येते. तेव्हा ती बोलता बोलता थांबते. मग पुढच्याला हाक मारते. आईला मात्र घरात स्पर्धा निर्माण झाली आहे.

नाणं काकांनी स्वतः, मास्क लावून, श्वास रोखून नव्या डबीत बंद केलं. लेबलवर चौसष्ट. दंतवैद्याच्या आईने लेबल वाचलं, डाग मोजले, आणि "आता बरं दिसतंय, आधी फारच आजारी वाटायचं," असं म्हणाली. ही आई काय चीज आहे ते कुणालाच कळलेलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी खिडकीतून हात आला. हातात बटण नव्हतं. डबी होती.

"मोज," दंतवैद्य म्हणाला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता.

मौनीने मोजले. सतरा. आणि खाली, अगदी कडेला, अठरावा. नवा. मोठा, ओला, पसरट.

"मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "डबी उघडलीही नाही. शप्पथ."

तिने पातळ कागद ठेवला, पट्टी ठेवली, मागे रेघ ओढली. रेघ कुठल्याच तोंडाकडे गेली नाही, तिच्याही नाही, त्याच्याही नाही. फार खालून आली होती. टेबलाच्या कडेवरून, कुणीतरी ती कडा दोन्ही हातांनी धरून, बाईच्या नाकाला नाक टेकवून बघावं तशी.

काका बोलावल्याशिवायच आले होते. भिंग लावलं. त्यांनी खूप वेळ बघितलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आकडा दिला नाही.

"हे बोलणं नाही," ते म्हणाले. "ही लाळ आहे."

"कुणाची?" मौनीने विचारलं.

"अजून कुणाचीच नाही." काकांनी भिंग खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "वय — सात महिने असावं. एकही दात नाही."

खिडकीबाहेर धुकं होतं. आत कुणी हललं नाही.

"दात नसेल," दंतवैद्य म्हणाला, "तर सध्या माझ्या हातात काही नाही. दात आले की घेऊन या."

मौनीने खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात धरला. तो गार होता, आणि धडधडत होता.

"हो," ती म्हणाली. कुणी काही विचारलेलं नसताना.